पाऊल उचलायला लावणारे खेळ

जूनच्या मध्यावर पाऊस धरला की कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावरची आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारातली सकाळची गर्दी पातळ होते. तरणी पोरं रेनकोट चढवून येत राहतात. सत्तरीपुढची माणसं घरी थांबतात, आणि ते योग्यच करतात. शेवाळलेल्या फरशीवर एकदा पाय सरकला तर पुढचं सगळं वर्ष बदलून जातं. पण घरी थांबण्याचीही किंमत असते. २००७ साली अमेरिकेत निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवून एक प्रयोग झाला. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळपास किलोभर स्नायू घटले. पावसाळा म्हणजे काही अंथरूण धरणं नव्हे, पण खुर्ची, टीव्ही आणि पलंग एवढ्यातच तीन-चार महिने गेले तर पाय काय ते समजतात. ऑक्टोबरात आबा पुन्हा रंकाळ्यावर जायला निघतात तेव्हा अर्ध्या फेरीवरच कट्टा शोधतात, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

वय तर झालेलंच असतं. तरी त्या थकव्याचा मोठा हिस्सा वयाचा नसून न वापरलेल्या पायांचा असतो. म्हणूनच घरातल्या घरात, टीव्हीसमोर उभं राहून हातपाय हलवत खेळायचे व्हिडिओ गेम ज्येष्ठांच्या कामाचे आहेत का, हा प्रश्न कोल्हापुरासारख्या पावसाळी गावाने नीट तपासून घेण्यासारखा आहे. या प्रश्नावर पंधरा-वीस वर्षं जगभर संशोधन चालू आहे. ते वाचून माझं मत असं झालं आहे की हे खेळ उपयोगी आहेत, पण जाहिराती सांगतात त्यापेक्षा अरुंद कामासाठी. आणि जमिनीवर मांडी घालून जगणाऱ्या आपल्या माणसांसाठी ते नव्याने घडवावे लागतील.

आधी हे खेळ आले कुठून ते पाहू. १९९८ साली जपानच्या कोनामी कंपनीने ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा खेळ काढला. पडद्यावर बाण सरकत येतो, तो ठरावीक रेषेला पोचला की पायाखालच्या चटईवरच्या त्याच बाणावर पाऊल टाकायचं. खेळ तरुणांसाठी होता, पण पुढे ज्येष्ठांवरच्या सगळ्यात भरीव प्रयोगाचं बीज त्याच चटईत होतं. २००६ साली निन्टेंडोचा ‘वी’ आला, हातातला दांडा हलवला की पडद्यावर टेनिसची रॅकेट हलायची. पाठोपाठ ‘वी फिट’ची फळी आली. तिच्यात चार दाबमापक असतात. माणूस वर उभा राहिला की वजन कोणत्या पायावर झुकलंय ते पडद्यावर दिसतं. या फळीची कल्पना शिगेरू मियामोतो यांना सुमो पैलवानांवरून सुचली, कारण त्यांचं वजन एका काट्यावर मावत नसल्याने दोन काटे लागतात. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावाला ही हकीकत आपलीशी वाटायला हरकत नाही. २०१० साली मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ आला. त्याला ना दांडा ना फळी. कॅमेराच माणसाचे सांधे ओळखून त्याची हालचाल टिपायचा.

ही यंत्रं दिवाणखान्यासाठी बनली होती. ती दवाखान्यात नेली फिजिओथेरपिस्टांनी. पक्षाघातानंतर हात उचलण्याचा तोच व्यायाम शंभरदा करून घेणं किती कठीण असतं हे त्यांना रोज दिसत होतं, आणि समोर चेंडू येत असला की तोच माणूस तो हात न कुरकुरता उचलतो हेही दिसलं. इथूनच अभ्यासांचा पूर आला. त्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली पक्षाघाताच्या रुग्णांवरचे ७२ प्रयोग, मिळून २४७० माणसं, एकत्र तपासले. हाताच्या कामात हे खेळ नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून दिले, म्हणजे व्यायामाचा एकूण वेळ वाढला, तेव्हा मात्र फायदा दिसला. गुण यंत्राचा कमी आणि वाढलेल्या वेळाचा जास्त, असा त्याचा अर्थ मी लावते.

पक्षाघात वगैरे काही न झालेल्या, नुसत्या वयाने थकत चाललेल्या माणसांवरचे अभ्यास संख्येने भरपूर आहेत, पण बहुतेक किरकोळ. वीस-तीस माणसं, सहा ते बारा आठवडे, आणि शेवटी एक चाचणी. चाचण्याही ठरलेल्या. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं आणि लागलेले सेकंद मोजायचे. किंवा अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. आपल्या तालमीतल्या बैठकीचीच ही सौम्य आवृत्ती. या अभ्यासांचा एकूण कल सकारात्मक आहे. तोल थोडा सुधारतो, चाल थोडी वेगवान होते, आणि काहीच न करणाऱ्यांपेक्षा खेळणारे बरे राहतात. पण तुलना चांगल्या साध्या व्यायामाशी केली की अंतर बहुतेक मिटतं. शिवाय सेकंदभर लवकर उठता आल्याने माणूस पडायचा थांबतो का, हे अशा छोट्या अभ्यासांतून कळतच नाही. त्यासाठी शेकडो माणसं आणि निदान वर्षभराची नोंद लागते.

तशी नोंद ऑस्ट्रेलियात झाली, आणि तिची पार्श्वभूमी समजून घेण्याजोगी आहे. १९९७ साली स्वीडनमधल्या एका चमूने वृद्धाश्रमातल्या ५८ जणांचं एक साधं निरीक्षण केलं. चालता चालता त्यांच्याशी बोलायचं आणि ते थांबतात का ते पाहायचं. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. थांबणं हे भित्रेपणाचं लक्षण नव्हतं. चालायलाच सगळं लक्ष पुरवावं लागत होतं, म्हणून बोलण्यासाठी लक्ष शिल्लक राहत नव्हतं. त्यानंतर सिडनीत स्टीफन लॉर्ड यांच्या गटाने आणखी एक गोष्ट मोजली. खाली चौकोन आखलेले, कोणता उजळेल ते ठाऊक नाही. उजळला की त्यावर चटकन पाऊल टाकायचं. ज्यांना उशीर लागायचा ते जास्त पडलेले आढळले. म्हणजे पडणं हा फक्त मांड्यांच्या ताकदीचा प्रश्न नाही. कुठे पाय टाकायचा हे ठरवून तो वेळेत तिथे पोचवण्याचा तो प्रश्न आहे.

महाद्वार रोडवर सणाच्या आधीच्या संध्याकाळी चालून पाहा. समोरून दुचाकी, डावीकडे फळांची गाडी, मागून हॉर्न, हातात पिशवी, आणि फोनवर सून विचारते की नारळ घेतला का. आक्का तिथे पडतात त्या पायांत बळ नाही म्हणून पडतातच असं नाही. बाजूला एक पाऊल टाकायचा निर्णय अर्धा सेकंद उशिरा झाला, एवढंही पुरतं.

सिडनीच्या गटाने मग त्या बाणांच्या चटईला ज्येष्ठांच्या घरी नेलं. २०१३ साली त्यांनी ३७ जणांवरचा आठ आठवड्यांचा छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. पाऊल टाकण्याचा वेग सुधारला होता. मोठा प्रयोग २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आला. ६५ वर्षांपुढची, आपापल्या घरी राहणारी ७६९ माणसं. एका गटाला चटईवर पावलं टाकत खेळायचे खेळ, दुसऱ्याला बसून खेळायचे बुद्धीचे खेळ, आणि तिसऱ्या गटाला यातलं काहीच नाही. खेळणाऱ्यांनी आठवड्याला १२० मिनिटं, वर्षभर खेळायचं होतं. चटईवर खेळणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा २६ टक्क्यांनी कमी भरलं. बसून खेळणाऱ्यांत असा ठाम फरक सिद्ध झाला नाही.

या प्रयोगात एक गाठ आहे आणि ती लपवून ठेवता कामा नये. पडणं कमी झालं, पण ताकद, तोल, स्मरण अशा बाकीच्या चाचण्यांत गटागटांत फरक दिसला नाही. शिवाय २६ हा मधला अंदाज आहे. खरा फायदा त्याहून बराच लहान किंवा बराच मोठा असू शकेल एवढी त्याची व्याप्ती रुंद आहे. एका प्रयोगावर सगळं घर बांधू नये. तरीही मला हा निकाल विश्वासार्ह वाटतो, कारण तो आधीच्या निरीक्षणांशी जुळतो. नेहमीच्या चाचण्यांत माणूस शांतपणे, तयारीने, सांगितलेलं काम करतो. पडताना यातलं काहीच नसतं. चटईने जर अचानक पाऊल टाकण्याचा सराव दिला असेल, तर तो त्या चाचण्यांत न दिसता रस्त्यावरच दिसेल.

पण मग बाकी शरीराचं काय? इथे खेळांचं कौतुक आवरतं घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्यातच आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम असावेत. टीव्हीसमोरचे बरेचसे खेळ हलक्या श्रमातच संपतात. हात हलतात, कंबर डुलते, पण मांडीच्या स्नायूवर हळूहळू भार वाढवत नेण्याचं काम होत नाही. भार वाढवल्याशिवाय ताकद वाढत नाही, हे गंगावेस तालमीतलं पोरही सांगेल. पडणं टाळण्यासाठी कोणताही व्यायाम किती गुणकारी, याचा कॉक्रेनचाच २०१९ चा आढावा १०८ प्रयोगांचा आणि २३ हजारांहून अधिक माणसांचा आहे. त्यात नियमित व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठात घडलेला घरगुती व्यायामक्रम तर घोट्याला बांधायच्या वजनांवर आणि ओट्याला धरून उभं राहण्यावर चालतो, आणि त्याच्या एकत्रित अभ्यासांत पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्याला पडदा लागत नाही, वीज लागत नाही. ज्या घरात आजी असा व्यायाम आवडीने आणि नेमाने करतात, त्या घराने खेळाच्या मागे लागू नये.

अडचण ‘नेमाने’ या शब्दात आहे. कागदावर लिहून दिलेला व्यायाम पहिला आठवडा होतो, दुसऱ्याला पाहुणे येतात, तिसऱ्याला कागद सापडत नाही. खेळात गुण असतात, पुढची पायरी असते, कालपेक्षा आज दोन जास्त झाल्याचं समाधान असतं. या ओढीवरच खेळांचं सगळं समर्थन उभं आहे. आणि ही ओढ टिकतेच असंही नाही. जर्मनी, स्पेन आणि ऑस्ट्रेलियात मिळून १५३ ज्येष्ठांवर किनेक्टच्या साह्याने सोळा आठवड्यांचा प्रयोग झाला होता. पडण्याचा धोका मापाने घटला, पण सांगितलेला पूर्ण वेळ खेळणारे थोडेच निघाले, आणि जे जास्त खेळले त्यांनाच जास्त लाभ झाला. घरात एकट्याने खेळायचं यंत्र आणि घडी घालून ठेवलेली व्यायामाची सायकल यांचं नशीब सारखंच असतं. म्हणून मला हा खेळ घरापेक्षा ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत, विरंगुळा केंद्रात बघायला आवडेल. पत्त्यांचा डाव चाललाय, बाजूला दोन जण चटईवर आहेत, आणि तात्यांचे गुण अण्णांपेक्षा कमी आलेत याची चर्चा चहापर्यंत पुरते. असा शेजार मिळाला की माणूस उद्याही येतो.

आता जमिनीचा मुद्दा, जो या संशोधनात जवळजवळ नाही आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठा आहे. हे खेळ आणि त्यांच्या चाचण्या खुर्चीवर बसणाऱ्या समाजांत घडल्या. खुर्चीतून उठता आलं की माणूस स्वावलंबी, असं तिथलं गणित. आपल्याकडे शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात आजीचं स्वावलंबन तिला पाटावरून उठता येण्यावर, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसून उठण्यावर, मोरीत वाकून बादली उचलण्यावर, माडीचा उभा जिना चढण्यावर अवलंबून असतं. पंक्तीला मांडी घालता येत नाही म्हणून लग्नाला जाणं सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती आजारी नव्हती. गावातून हळूहळू वजा होत गेली. ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण एसटीची पहिली पायरी तेवढीच उंच आहे. ती चढणाऱ्या मांडीला सवलत मिळत नाही.

जमिनीवरून उठणं किती बोलकं असतं हे ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल अराउजो यांनी २०१२ साली दाखवलं. ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांना त्यांनी जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितलं, आधार घेतला की गुण वजा. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. उठता न आल्यामुळे कुणी मेलं असा त्याचा अर्थ नाही. ताकद, लवचीकता आणि तोल एकत्र मोजणारी ती एक चोख पट्टी आहे. आपल्या ज्येष्ठांसाठी खेळ घडवायचा तर त्याने ही पट्टी वापरावी. उंच पाटावरून उठणं, मग कमी उंचीच्या, मग सतरंजीवरून, असा चढता भार त्यात असावा. आणि गुडघ्याची झीज झालेल्याला खेळाने वेळीच थांबवावं, ज्या उंचीवर दुखत नाही तिथेच ठेवावं.

अशा खेळाची सामग्री आपल्या बायकांच्या अंगात आहे. मंगळागौरीच्या झिम्म्यात समोरच्या हातावर टाळी, पायांत ठेका, तोंडात गाणं आणि वर्तुळात सरकणं, सगळं एकाच वेळी चालतं. पिंग्यात वाकणं आणि गिरकी. स्वीडनच्या निरीक्षणातली बोलता बोलता चालण्याची कसोटी इथे गाण्याच्या रूपात श्रावणातल्या रात्रभर चालते. फुगडीची गिरकी सत्तरीत धोक्याची आहे, बसफुगडी तर थकलेल्या गुडघ्यांना नकोच. पण झिम्म्याचा ठेका, पुढे दोन पावलं, मागे दोन, बाजूला एक आणि टाळी, हे चटईवरच्या बाणांचंच काम आहे आणि त्याला आपलं गाणं आधीच जोडलेलं आहे. पुरुषांसाठी मर्दानी खेळातले पवित्रे आहेत. कोल्हापुरात ज्यांनी लाठी फिरवली, निदान लहानपणी पाहिली, त्यांना पुढे पाय टाकून वजन झुकवण्याची हालचाल परकी वाटणार नाही. परदेशी खेळात बर्फावरून घसरत जाणारा माणूस दिसतो. तो आपल्या आबांना काही सांगत नाही.

आणि हे घडवणं आता आवाक्यात आहे, कारण जुनी यंत्रं गेली. वीचं उत्पादन २०१३ साली थांबलं, किनेक्टचं २०१७ साली. ज्या फळीवर आणि कॅमेऱ्यावर शेकडो अभ्यास झाले ती दुकानात मिळत नाही. विज्ञानाचा पुरावा तयार होईपर्यंत कंपन्यांनी दुकान आवरलं. २०१९ मध्ये निन्टेंडोने ‘रिंग फिट अॅडव्हेंचर’ आणला, हातात कडं आणि मांडीला पट्टा; त्यात ताकदीचे व्यायाम खरोखर आहेत, पण तो गडी माणसाचाही घाम काढणारा आहे आणि यंत्र आपल्याकडे सहज मिळत नाही. डोळ्यांवर चढवायच्या आभासी चष्म्याबद्दल मी सावध आहे. तोल सांभाळताना डोळ्यांची मदत लागते, आणि चष्म्याने खोलीच दिसेनाशी होते. आशा आहे ती साध्या फोनकडून. गूगलने २०१९ पासून खुलं केलेलं मीडियापाइपसारखं तंत्र फोनच्या कॅमेऱ्यातून गुडघा, खांदा, घोटा ओळखतं. नातवाचा फोन तिवईवर, जोडणी टीव्हीला, एवढ्यावर मराठी आवाजात सूचना देणारा खेळ चालू शकतो. इचलकरंजी-कोल्हापूर पट्ट्यात अभियांत्रिकीची मुलं आहेत, फिजिओथेरपीची महाविद्यालयं कोल्हापूर आणि कराडात आहेत. दोघांनी एका खोलीत बसायला हवं.

खेळ सुरू करण्याआधी काही गोष्टी पक्क्या असाव्यात. चटई फरशीवर सरकता कामा नये, आणि पायमोजे घालून कुणी खेळू नये. पाठीमागे जड खुर्ची किंवा भिंत हवी, सुरुवातीला शेजारी माणूस हवा. मधुमेहाने तळपायाची जाणीव गेलेल्यांना, उठताना चक्कर येणाऱ्यांना, नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उभं करू नये. छातीत दुखणं, धाप लागणं झालं की खेळ तिथेच बंद. दांडा फिरवून फिरवून खांदा धरल्याची, वीच्या पहिल्या लाटेतली, २९ वर्षांच्या डॉक्टरची गोष्ट वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. साठीतला खांदा त्याहून लवकर रुसतो. आणि एवढं करून जो नीट चालतो, रोज देवळापर्यंत जातो, भाजी आणतो, त्याला पडद्यासमोर आणून बसवू नये. बाहेर चालण्याची जागा कोणताही खेळ घेत नाही. तो पावसाच्या महिन्यांसाठी आहे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातून सुटल्यावरच्या आठवड्यांसाठी आहे, आणि एकदा पडून भीती बसलेल्यांसाठी आहे. त्या भीतीने माणूस घर धरतो, घर धरल्याने पाय जातात, आणि पाय गेल्याने तो खरोखर पडतो.

खर्चाचं म्हणाल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून पात्र ज्येष्ठांना साहित्यासाठी एकदाच ३००० रुपये देते. काठी, कमरेचा पट्टा, चष्मा ही त्यातली नेहमीची खरेदी. पडून झाल्यावर लागणाऱ्या वस्तूंवर आपण पैसे ठेवतो, पडण्याआधी पाय टिकवण्यावर ठेवत नाही. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ साली देशात साठीपुढची माणसं १०.५ टक्के होती आणि २०५० पर्यंत ती २०.८ टक्के होतील. एवढ्या खुब्यांची मोडलेली हाडं बसवायला ना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय पुरेल, ना मिरजेचे दवाखाने.

म्हणून एक ठोस गोष्ट सुचवते. कोल्हापूर शहरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांपैकी काहींनी, फिजिओथेरपीच्या एखाद्या महाविद्यालयाला सोबत घेऊन, एका पावसाळ्यात प्रयोग करावा. मे महिन्यात सगळ्यांची मोजणी: जमिनीवरून उठणं, एसटीच्या पायरीइतक्या उंचीवर चढणं, बोलत बोलत तीन मीटर चालणं. मग निम्म्या संघांत झिम्म्याच्या ठेक्यावरचा पावलांचा खेळ, निम्म्यांत ओटॅगोसारखा धरून करायचा साधा व्यायाम, दोन्हीकडे आठवड्यातून तीनदा. प्रत्येकाला मराठीत एक छोटी वही, जिच्यात पडलो किंवा पडता पडता वाचलो याची नोंद पुढच्या मेपर्यंत करायची. ऑक्टोबरात पुन्हा मोजणी. कोणता गट जास्त दिवस टिकला आणि कोणत्या गटातली माणसं कमी वेळा पडली, हे त्या वह्या सांगतील. खेळ हरला तर साधा व्यायाम घराघरांत न्यावा. जिंकला तर चटया विकत घ्याव्यात.